डाव्या सीटचं वजन

गाडी चार काट्यांवर उभी होती आणि आडत लाइनीतलं काम बंद पडलं होतं.

काटे म्हणजे धान्य तोलायचे इलेक्ट्रॉनिक काटे. लातूरच्या मोंढ्यात प्रत्येक आडत्याकडे ते असतात. खाली पोती ठेवायचा लोखंडी पाट आणि वर लाल आकडे दाखवणारा डबा. असे चार काटे मी शेजारच्या गुरुनाथअप्पांकडून मागून आणले होते. प्रत्येक चाकाखाली एक. वर दोन सीटची, उघड्या टपाची, जुनी पण चकचकीत लाल स्पोर्ट्स कार. ड्रायव्हरच्या सीटवर डॉ. प्रज्ञा बसल्या होत्या. डाव्या सीटवर तूरडाळीचा एक भरलेला कट्टा, म्हणजे पन्नास किलोचं पोतं, आणि त्याच्यावर अर्धा भरलेला दुसरा. दोघांना मिळून सीटबेल्ट लावला होता.

गुरुनाथअप्पा कपाळाला भस्माचे पट्टे ओढून, पूजा आटोपून नुकतेच दुकानात आले होते. हमाल कुठे गेले म्हणून बघायला बाहेर आले आणि तेही थांबले.

"काय इंजिनेर, गाडीची तुला करायलात का?"

आमच्याकडे पुढाऱ्यांची तुला होते. वाढदिवसाला त्यांना तराजूत बसवून पेढ्यांनी नाहीतर गुळानं तोलतात. अप्पांनी अशा पुष्कळ तुलांना स्वतःचे काटे दिलेले आहेत. त्यांनी बोटानं डाव्या सीटकडे दाखवून विचारलं, हे कोण?

"डॉक्टरबाईंचे वडील," मी म्हणालो.

"बरे हायेत. गप बसतेत."

हमाल हसले. डॉक्टरबाई हसल्या. मीही हसलो आणि हातात पाना घेऊन गाडीखाली शिरलो.

माझं काम सस्पेन्शनचं. गाडी आणि रस्ता यांच्या मधे जे काही असतं, ते सगळं माझ्याकडे. पुण्यात एका कंपनीत मी कितीतरी वर्षं शॉकअप तपासायचं काम केलं. शॉकअप म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. मशीनवर चढवायचे, ते हजारो वेळा खालीवर हलवायचे आणि कधी मरतात ते बघायचं. मग लातूरला परत येऊन मार्केट यार्डाच्या भिंतीला लागून वर्कशॉप टाकलं. इथं माझ्याकडे येतात त्या सोयाबीन वाहणाऱ्या पिकअप, काळीपिवळी जीप आणि लग्नात मिळालेल्या छोट्या कार. स्पोर्ट्स कार माझ्या दारात ही पहिलीच. खोटं कशाला सांगू, ती आली तेव्हा मी हातातला चहा विसरलो होतो.

डॉ. प्रज्ञा भूलतज्ज्ञ आहेत. लातूरला नोकरी, वडिलांसोबत भाड्याच्या घरात राहतात. गाडी हैदराबादहून सेकंडहँड घेतलेली. पहिल्या दिवशी त्यांनी मला सरळ विचारलं, "सर, ही गाडी मऊ होईल का?"

मला हा प्रश्न या गाडीबद्दल कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. स्पोर्ट्स कारवाले उलटं मागतात. खाली बसवा, कडक करा. आधीच्या मालकानं तेच केलं होतं. मी गाडी लिफ्टवर घेतली तर स्प्रिंगा ग्राइंडरनं कापलेल्या. स्प्रिंग कापली की गाडी खाली येते आणि रुबाबदार दिसते. पण उरलेली स्प्रिंग दगडासारखी होते आणि तळ प्रत्येक स्पीडब्रेकरवर घासतो. तळाला ओरखडे इतके होते की कंपनीचा रंग शोधावा लागला. असं करणाऱ्या माणसाबद्दल मी जे बोललो ते इथं लिहीत नाही.

मऊ कशाला पाहिजे, तर वडिलांसाठी. ते मला बाईंनी तिथंच, लिफ्टखाली उभं राहून सांगितलं.

वडील सरकारी जीपचे ड्रायव्हर होते. बहुतेक नोकरी कंधार तालुक्यात गेली. साहेब बदलत राहिले, जीप आणि ड्रायव्हर तेच. जुन्या जीपला स्प्रिंगा नसत, पाटे असत. लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक बांधलेल्या. त्या पाट्यांनी त्यांच्या पाठीचं भुस्काट केलं. रिटायर झाल्यावर मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं. धक्के टाळा, असं तेव्हाच सांगितलेलं.

"जीपमधे डावी सीट साहेबांची," बाई म्हणाल्या. "साहेब नसले तरी तिथं कुणी बसायचं नाही. बाबांनी स्वतः कधी बूड टेकलं नाही. मी लहान असताना एकदा चढून बसले होते, तर त्यांनी मला उचलून मागं ठेवलं. रागावले नाहीत, नुसतं ठेवलं. आता कुणाच्याही गाडीत गेले तरी मागंच बसतात. म्हणून मी दोन सीटची घेतली. या गाडीला मागं जागाच नाही."

मी आयुष्यात गाड्या घ्यायची पुष्कळ कारणं ऐकली आहेत. हे त्यांत कधी नव्हतं.

गाडी आल्यावर त्यांनी वडिलांना हौसेनं डाव्या सीटवर बसवलं. गल्लीचं तोंड येईपर्यंत म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता आणि चेहरा पांढरा पडला होता. बाईंनी गाडी वळवून घरी आणली. ते म्हणाले, "बाई, गाडी लई झ्याक हाय तुजी. पण आपल्याला जमायचं न्हाई." त्यानंतर ते गाडीत बसले नाहीत. सकाळी फडक्यानं पुसून मात्र द्यायचे.

"मला ती विकायची नाही," बाई म्हणाल्या. "पण बाबा बसणार नसतील तर ठेवून काय करू? मी एकटी फिरायला घेतली नव्हती. त्यांना एकदा डाव्या सीटवर बसवून कंधारला न्यायचंय. तुम्ही नाही म्हणालात तर हैदराबादला परत देते."

म्हणजे सगळं माझ्या उत्तरावर आलं. मी प्रयत्न करतो म्हणालो.

आता थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते आणि धक्का पोटात घेते. पण स्प्रिंगला थांबता येत नाही, ती उड्या मारत राहते. तिला पुरे म्हणायचं काम शॉकअपचं. तो तेलानं भरलेला नळा असतो, त्यात एक दांडा आतबाहेर सरकतो आणि स्प्रिंगला हळूहळू शांत करतो. दोघांचं जमलं तर आत बसलेल्याला काही कळत नाही. स्पोर्ट्स कारला जे अ‍ॅडजस्टेबल सस्पेन्शन मिळतं, त्यात स्प्रिंग शॉकअपच्या भोवतीच बसवलेली असते आणि खाली आट्यांवर एक रिंग असते. त्याला कॉइलओव्हर म्हणतात. रिंग फिरवली की स्प्रिंग आवळता येते किंवा सैल करता येते. वर एक नॉब असतो. तो टिक टिक करत फिरतो आणि शॉकअप कडक किंवा मऊ होतो.

नावाजलेल्या परदेशी कंपन्यांचे सेट इतके महाग की त्याचा विचारच करायचा नव्हता. बाईंनी सांगितलेल्या बजेटमधे इंटरनेटवर ढिगानं माल होता. एक सेट बाईंना फार आवडला होता. जांभळा, नॉबला भरपूर टिक. मी एक मागवून बघितला. नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला आणि दांडा हातानं दाबला. सगळीकडे सारखाच. टिक नुसता वाजण्यापुरता होता. शिवाय त्यात उंची बदलायची तर स्प्रिंगच आवळावी लागते, दुसरी सोय नाही. तो सेट मी आला तसा परत पाठवला.

शेवटी एक तैवानचा सेट ठरवला. दिसायला साधा, काळा. त्याचा खालचा पाया वेगळा फिरतो, त्यामुळे स्प्रिंगला हात न लावता गाडी वर उचलता येते. सील खराब झालं तर सुटं मिळतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं. हैदराबादच्या डीलरला मी त्यातली सगळ्यात मऊ स्प्रिंग मागितली. त्यानं मऊच ना, असं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला की ही स्प्रिंग कुणी घेत नाही, पडून आहे. मी म्हटलं, पडलीय तर धाडून दे.

त्या सेटमधे एक उणीव होती, ती मला माहीत होती. शॉकअपच्या दांड्याला बाहेर सरकायला फार जागा नव्हती. चाक खड्ड्यात खाली सुटलं की दांडा लवकर संपतो. स्वस्त मालात कुठंतरी काहीतरी सोडावंच लागतं. आम्ही हे सोडलं आणि ठरवलं की बसवताना वजनाचा हिशेब नीट करायचा.

तो हिशेब करायला काटे.

चार चाकांवर वजन सारखं वाटलेलं नसतं. बाजेचा एक पाय आखूड असला की ती आडवी डुलते, तसंच. मोठ्या शहरांत यासाठी खास काटे मिळतात. माझ्याकडे नाहीत, पण लातूर आहे. अप्पा आदल्या दिवशीच म्हणाले होते की एका पाटावर पाच-सहा कट्टे एकदम ठेवतो, तुझ्या गाडीचं चाक काय चीज आहे. पाट एका पातळीत आणायला मी सकाळभर फळ्या आणि पत्रे सरकवत होतो.

डाळ का, तर वडिलांना उगाच धक्के देत आणायला नको म्हणून. आमच्या मोंढ्यात माणसाच्या जागी कट्टा ठेवणं ही नेहमीची गोष्ट. पिकअपचे पाटे बदलले तरी मी अप्पांकडूनच पोती आणून वर टाकतो. बाईंना वडिलांचं वजन विचारलं. क्षणभरही न थांबता त्या म्हणाल्या, पंचाहत्तर. डॉक्टर माणूस, त्यातून भूल देणारा. वजन विचारल्याशिवाय ज्यांचा औषधाचा हात पुढं होत नाही, त्यांनी दिलेला आकडा. मी दीड कट्टा बसवला.

मग जे झालं ते मी आजवर अनेकदा केलेलं आहे, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. मी पुढच्या डाव्या चाकाची रिंग थोडी फिरवली. त्या चाकाखालचा आकडा वाढला, ते ठीक. पण त्याच वेळी मागच्या उजव्या चाकाखालचा आकडाही वाढला. ज्याला कुणी हात लावला नव्हता, गाडीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यातला. आणि उरलेल्या दोघांचे कमी झाले. हमाल या काट्यापासून त्या काट्याकडे धावून बघायला लागले. एकानं पाटाखाली वाकून पाहिलं, कुणी बसलंय का. अप्पा हात जोडायचेच बाकी होते. ते म्हणाले, "सारी जिंदगी काट्यावर गेली इंजिनेर, पन असं वजन चालताना आज बगितलं."

दुपारपर्यंत चारी आकडे माझ्या मनासारखे आले. डावी बाजू जड म्हणून तिकडच्या रिंगा आवळाव्या लागल्या आणि नॉबही दोन टिक कडक केला. काटे अप्पांकडे गेले. गाडी सुंदर चालत होती. मी स्वतः कट्ट्यांना शेजारी बसवून चक्कर मारून आलो, मगच डाळ उतरवली.

रविवारी बाईंचा फोन आला. वडील बसले होते. रिंगरोडवर बरंच लांब जाऊन आले होते. "सर, आधीपेक्षा खूपच चांगलं आहे. चेहरा नाही पडला. बाबा म्हणतायत एकदम मस्त. पण त्यांनी पूर्ण वेळ दाराची कड धरली होती, हे मी बघितलं."

मी म्हटलं, त्यांना फोन द्या.

म्हातारा आधी काही सांगेचना. साहेब, एकदम फस्क्लास, काही तक्रार नाही. ज्यानं सगळी नोकरी साहेबांसमोर तक्रार न करता काढली, तो मला काय सांगणार. मग मी त्यांना ड्रायव्हरला विचारावं तसं विचारलं. काका, धक्का कधी लागतो? चाक चढताना की उतरताना?

त्यांनी रस्ता आठवून बघितला. मग म्हणाले, "चढती तव्हा काय न्हाई. उतरती तव्हा खालून काठीनं ढोसल्यावानी होतंय. एवढंच."

एवढंच ऐकून मी जागच्या जागी उठून उभा राहिलो. उतरताना धक्का म्हणजे चाक खाली सुटताना दांडा संपत होता, टोकाला जाऊन ठोकत होता. मला जी उणीव माहीत होती तीच. पण ती टाळायला तर आम्ही एवढा खटाटोप केला होता. दांडा तेव्हाच लवकर संपेल, जेव्हा डाव्या सीटवर वजन कमी असेल, कारण मग स्प्रिंग कमी दबते आणि दांडा आधीच बराच बाहेर आलेला असतो.

मी कारण सांगितलं नाही. म्हटलं, काकांना घेऊन या. कट्टा नको, तेच पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी ते आले. उंच माणूस, पांढरा फुल शर्ट, वर अर्धं स्वेटर, खिशाला पेन. अशी माणसं कपड्यात भरलेली दिसतात. हमालांतला एक ओळखीचा निघाला. त्यानं जयभीम काका म्हणून हात दिला आणि गाडीपाशी आणलं. काटे पुन्हा मांडले होते. काकांना ते फारसं आवडलं नाही. इतक्या लोकांसमोर तोलून घ्यायचं म्हणजे त्यांना अवघड वाटत होतं. अप्पा म्हणाले, "बसा की. मोठ्या लोकांचीच तुला व्हती."

"आमी काय मोटे," असं म्हणत ते वाकून, एक हात पाठीला लावून, डाव्या सीटवर बसले.

मी डब्यांकडे बघत होतो. बाई ड्रायव्हरच्या सीटवर, त्यांनाही डावीकडचे आकडे दिसत होते. आकडे हलले आणि थांबले. मी मनात बेरीज केली. पुन्हा केली. गाडीत आधी बाई एकट्या असतानाचे आकडे मला पाठ होते. फरक काढला आणि काही बोलायच्या आत, माझ्या खांद्यावरून बघणारा हमाल सहज बोलून गेला. रोज पाठीवर पोती वाहणारा माणूस तो, त्याला मोजमाप त्याच भाषेत सुचतं.

"एक कट्टा बी भरंना गेलेत."

कुणी हसलं नाही. हमालालाही कळलं की काहीतरी चुकलं, तो मागं सरकला.

डॉक्टरबाई आकड्यांकडे बघत होत्या. मग वडिलांकडे. मी माणसाला असं बघताना क्वचित पाहिलं आहे. शर्टाची कॉलर मानेभोवती किती सैल आहे, घड्याळाचा पट्टा कुठल्या भोकात लावला आहे, ते त्या एकेक करून बघत होत्या. त्यांच्याच घरात, त्यांच्यासमोर रोज जेवायला बसणारा माणूस.

"पंचाहत्तर ऑपरेशनच्या वेळी होतं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मीच लिहून घेतलं होतं. तेच डोक्यात राहिलं."

काका गडबडले. त्यांना वाटलं आपल्यामुळे काही बिघडलं. ते म्हणाले, "काटा खराब असंल, बाई." अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा काटा खराब आहे म्हटलेलं ऐकून घेतलं.

मला काय वाटलं ते सांगतो. मला भीती वाटली आणि त्याच वेळी मी थक्क झालो. सस्पेन्शनवाला म्हणून मी वजन कुठून कुठं जातं ते बघतो, ते जातं तेव्हा काटा दाखवतो. पण हा एवढा माणूस वर्षागणिक थोडाथोडा निघून गेला होता आणि घरात एकदाही कुणाला कळलं नव्हतं. त्यांना स्वतःला तरी कळलं होतं की नाही, कोण जाणे. ते कळलं कुठं, तर मोंढ्यात, धान्याच्या काट्यावर, खड्ड्यात चाक सुटताना बसणाऱ्या ठोक्यामुळे. हजार किलोच्या गाडीला पंचवीस-तीस किलोचा फरक म्हणजे काहीच नाही, असं कुणीही म्हणेल. तुमच्या-माझ्या पाठीला तो कळलाही नसता. त्यांच्या कापलेल्या, शिवलेल्या मणक्यानं तो बरोबर पकडला.

अप्पा दुकानात गेले आणि गुळाच्या ढेपेचा एक खडा कागदात घालून घेऊन आले. तोललेल्या माणसानं तोंड गोड केल्याशिवाय जायचं नाही, म्हणाले. काकांनी तो तिथंच खाल्ला आणि बोटं चाटली. तो त्यांनी खायला नको होता, हे आठवड्यानं कळलं. बाईंनी लगेच सगळ्या तपासण्या करून घेतल्या. त्यांना आधी वेगळीच भीती होती. त्या भीतीचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही विचारलं नाही. निघाली ती साखर. भरपूर वाढलेली, किती वर्षं कुणास ठाऊक. तहान लागते, पाय गळतात, वजन उतरतं, हे सगळं म्हातारपण म्हणून खपत होतं. औषधं सुरू झाली. कंधारला जायचं लांबलं.

गाडी तोवर माझ्याकडे होती. डाव्या रिंगा मी पुन्हा सैल केल्या. नॉब दोन टिक मागं, मग अजून एक. पाया थोडा वर घेतला, कारण आमचे स्पीडब्रेकर कोणत्या नियमानं घालतात ते मला अजून समजलेलं नाही. यावेळी शेजारी डाळ बसवली नाही. काकांची तब्येत थोडी सावरली की ते स्वतः येऊन बसायचे आणि मी एकेक टिक फिरवायचो. आता ते सांगायला शिकले होते. "आता बरंय," "न्हाई, मगाचंच बरं व्हतं," असं. वजन वाढत होतं, त्याप्रमाणे मी रिंग आवळत होतो. माझ्या धंद्यात असं काम मी दुसरं केलेलं नाही.

शेवटची चाचणी शहराबाहेरच्या जुन्या रस्त्यावर घेतली. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरचा डांबरी रस्ताही तिच्याबरोबर फुगतो आणि आकसतो. दोन-तीन वर्षांत त्याच्या लाटा होतात. दिसतो सपाट, पण गाडीत बसा म्हणजे कळतं. मी मधेच एका बाभळीखाली उभा राहिलो आणि बाईंना म्हटलं, नेहमीच्या वेगात माझ्यासमोरून जा.

गाडी आली. मी सवयीनं आधी चाकांकडे पाहिलं. चाकं नुसती नाचत होती. वर, खाली, आत, बाहेर, एका क्षणाला चारीची चार वेगळी. मग मी वर पाहिलं. टप उघडा होता. मागं हिरवं सोयाबीन लांबवर पसरलेलं. त्याच्या कडेवर काकांचं पांढऱ्या केसांचं डोकं सरळ रेषेत जात होतं. खाली एवढा गोंधळ आणि वर ते डोकं, कुणी हातात धरून नेल्यासारखं. दोन्ही हात मांडीवर होते.

मी पुण्यात कागदावर या रेषेचे शेकडो आलेख पाहिले आहेत. तिथं ती रेषा म्हणजे चांगला शॉकअप. इथं ती रेषा एक माणूस होता. माझे डोळे भरून आले, आणि बाभळीखाली बघायला कुणी नव्हतं म्हणून मी ते पुसलेही नाहीत.

बाईंनी गाडी वळवून माझ्यापाशी थांबवली. मी काकांना विचारलं, कसं वाटलं? मला पाठीबद्दल ऐकायचं होतं. ते समोर रस्त्याकडे बघत होते.

"साहेब," ते म्हणाले, "या बाजूनं रस्ता लई येगळा दिसतो."

पुढच्या रविवारी बापलेक अहमदपूर ओलांडून कंधारला जाऊन आले. किल्ल्यापाशी थांबले, जुन्या ऑफिसबाहेर थांबले. तिथल्या चहावाल्यानं काकांना ओळखलं आणि सवयीनं कप ड्रायव्हरच्या बाजूला नेऊन दिला. तो बाईंनी घेतला, असं त्या हसत सांगत होत्या. गाडी विकलेली नाही. दर दोन महिन्यांनी माझ्याकडे येते. काकांचं वजन आता एका कट्ट्याच्या वर आहे.

माझ्या वर्कशॉपमधे तेव्हापासून एक नियम आहे. मालासाठी पोतं चालेल, माणसासाठी माणूस पाहिजे. आठवणीतून सांगितलेलं वजन मी घेत नाही, मग सांगणारा डॉक्टर का असेना.

मागच्या दिवाळीत माझी आई हदगावहून माझ्याकडे आली होती. बाजारात नेतो म्हणालो आणि तिला सरळ अप्पांच्या दुकानात नेऊन काट्यावर उभं केलं. ती चिडली. "मी काय सोयाबीन हाय का रं?" म्हणाली. अप्पांनी तिला गूळ दिला नाही, फुटाणे दिले.

लाल आकडे हलले आणि थांबले. मला कुणी विचारलं असतं तर मी जो आकडा सांगितला असता, त्याहून तो बराच कमी होता.